चाबी कुठे तयार झाली

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्याच्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या आधी हसतात, मग विचारतात, अगं, म्हातारा माणूस तुझ्या पाया पडतो आणि तू पडू देतेस? पडू देते म्हणजे काय, रिवाजच आहे तसा. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे भाचीनं मामाच्या पायाला हात लावला तर मामाला पाप लागतं म्हणतात. मी दोन वर्षांची होते तेव्हापासून आईचा धाकटा भाऊ माझ्यापुढे वाकत आलेला आहे. मला आधी गुदगुल्या व्हायच्या, नंतर लाज वाटायची, पुढे सवय झाली. सवय फार वाईट गोष्ट आहे, हे मला नंतर कळलं.

मामाजींचं पांढुर्ण्याला रक्त तपासणीचं छोटं केंद्र होतं. दोन खोल्या, एक बाक, एक फ्रिज, भिंतीवर जामसांवलीच्या हनुमानाचं कॅलेंडर. तिथे रक्त काढायचं, साध्या तपासण्या तिथल्या तिथे करायच्या अन् बाकीच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून नागपूरच्या मोठ्या लॅबला पाठवायच्या. शिरा सापडत नाहीत म्हणून ज्यांना दवाखान्यात तीन-तीनदा टोचलं जायचं, ती माणसं मामाजींकडे यायची. ते दंडाला पट्टी बांधून गप्पा मारत बसत, अन् माणूस बोलता बोलता सुई आत जाऊन बाहेरही आलेली असे. ह्या एका हाताच्या जोरावर गावात त्यांचं नाव होतं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं अन् त्यांना दुसरं काही नकोही होतं.

मी सौंसरला राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. ही कंपनी त्या नागपूरच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहिते. बाबा गेल्यावर आई एकटी, तिचे गुडघे गेलेले, अन् सौंसर सोडायचं नाव काढलं की तिचं तोंड एवढंसं होतं. म्हणून मी हट्टानं घरून काम करायची परवानगी मिळवली. परवानगी काय, मेहेरबानीच ती. दर तीन महिन्यांनी वरिष्ठ आठवण करून द्यायचे की हे कायमचं नाही.

माझ्याकडे काम होतं ते सर्टिफिकेटांचं. आता हे समजावून सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण बँकेची साईट उघडतो तेव्हा साईट आपलं सर्टिफिकेट दाखवते अन् आपला फोन ते तपासतो, की बाबा हीच ती बँक. आपल्याला कोणी सर्टिफिकेट मागत नाही. पण लॅबचं काम नाजूक. कोणाला काय दुखणं आहे, कोणाला दिवस गेले, हे भलत्याच्या हाती जाऊन चालत नाही. म्हणून तिथे दोन्हीकडून ओळख पटवावी लागते. लॅबचा सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, अन् केंद्रातल्या संगणकालाही विचारतो, तू कोण? त्यानं आपलं दाखवायचं. ह्याला क्लायंट सर्टिफिकेट म्हणतात.

सर्टिफिकेट कोणी पाहिलं तरी बिघडत नाही. पण त्याच्या जोडीला एक गुप्त चाबी असते, अन् सगळा जीव तिच्यात असतो. सर्टिफिकेट दाखवणारा संगणक त्या चाबीनं तिथल्या तिथे सही करून दाखवतो, तेव्हाच सर्व्हर दार उघडतो. म्हणून नियम असा, की चाबी ज्या संगणकाची त्याच संगणकावर तयार व्हावी अन् तिथून कधी बाहेर पडू नये. बाहेर जायचा तो फक्त अर्ज. अर्जावर लॅबची मोहर लागली की सर्टिफिकेट बनून परत येतं. चाबी प्रवास करत नाही. नव्या मुलांना मी हे वाक्य पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला लावते.

केंद्रांवर हे सगळं आपोआप व्हावं म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की चाबी तिथेच तयार, कुलूपबंद, बाहेर काढायची सोय नाही. सगळ्या केंद्रांवर तो नीट चालला. मामाजींच्या संगणकावर बंद पडला. दोन दिवस फोनवर डोकं खपवल्यावर कारण सापडलं. मामाजींनी संगणक घेतला त्या दिवशी त्यात आपल्या नावाऐवजी देवनागरीत ‘जय बजरंगबली’ टाकलं होतं. त्यामुळे त्यांच्या सगळ्या फायली त्या नावाच्या फोल्डरात, अन् माझ्या प्रोग्रामला देवनागरी वाचता येत नव्हती. मी मराठी, मामाजी मराठी, अन् माझ्या हातचा प्रोग्राम मात्र मराठी अक्षर दिसलं की मरून पडणारा. मला स्वतःचीच चीड आली.

दुरुस्त करायला तीन-चार दिवस लागले असते, अन् तो दुरुस्त का करावा लागतोय हे वरिष्ठांना सांगावं लागलं असतं. त्याच आठवड्यात माझ्या घरून कामाचा विषय पुन्हा निघाला होता. मी म्हटलं, मरो. माझ्याच लॅपटॉपवर मामाजींच्या नावानं चाबी बनवली, अर्ज केला, सर्टिफिकेट घेतलं, दोन्ही एका फाईलीत बांधून पासवर्ड घातला अन् पेन ड्राईव्ह घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. पासवर्ड त्यांच्या लक्षात राहावा म्हणून ‘जामसांवली’च ठेवला. इतक्या चुका एका दिवसात मी आयुष्यात केल्या नाहीत, अन् बसमध्ये मी खिडकीशी बसून आरामात संत्री सोलत होते.

मामाजींच्या संगणकात ती फाईल बसवली. रिपोर्ट धडाधड यायला लागले. मामाजी खूश. पेन ड्राईव्ह ते म्हणाले इथेच ठेव, संगणक बिघडला तर पुन्हा टाकता येईल. मी तेही ऐकलं. निघताना मी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, ही फाईल कोणाला म्हणजे कोणालाच द्यायची नाही. दुसरी सांगताना माझा आवाज बारीक झाला असावा, कारण ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहायला लागले.

मी म्हटलं, “मामाजी, हे मी घरी बनवून आणलं, असं करायचं नसतं. कोणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल.”

ते म्हणाले, “नाई सांगत, बाई.”

मग रिवाजाप्रमाणे वाकले, अन् मी पुढच्या बसनं परत आले.

मामाजींच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेली एक बाई होती. नवरा बोरगावकडचा, तो वारल्यावर तिनं सौंसरला स्वतःचं केंद्र टाकलं. तिचा अर्ज आमच्याकडे आला होता, पण एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, म्हणून तो पुण्यात अडकून पडला होता. मला माहीत होतं अन् मी विसरले होते. पावसाळा संपता संपता डेंग्यू पसरला. तिच्याकडे माणसं यायची, नळ्या नागपूरला जायच्या, अन् रिपोर्ट पाहायला तिला सर्टिफिकेट नाही. ती मामाजींना फोन करायची, मामाजी पांढुर्ण्याहून तिला वाचून दाखवायचे. एक दिवस बोरगावच्या एका बाळंतिणीच्या प्लेटलेट इतक्या खाली आल्या की तासातासाला आकडे पाहणं भाग होतं. त्या दिवशी मामाजींनी केंद्राला कुलूप लावलं, पेन ड्राईव्ह खिशात घातला, सौंसरला आले अन् मी बसवताना पाहिलं होतं तशी आपल्या हातानं तिच्या संगणकात ती फाईल टाकून गेले. माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. घरी मात्र आले नाहीत. बहुतेक मी ओरडेन म्हणून.

आमच्याकडे कुठे जायचं असलं तर घराची चाबी शेजारी ठेवतात. दूधवाला आला, मीटरवाला आला, शेजारीण उघडून देते. चाबी आपल्यापाशीच ठेवणाऱ्याला लोक संशयानं पाहतात. मामाजींनी तेच केलं. त्यांच्या हिशेबी ती बाई घरचीच होती.

ती बाळंतीण वाचली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढच्या कोणत्याही कागदावर ते आलं नाही.

एकच सर्टिफिकेट एकाच वेळी दोन ठिकाणांहून वापरलं गेलं तर इशारा देणारी तपासणी मीच बसवली होती. मोठ्या दिमाखात बसवली होती, वरिष्ठांनी मीटिंगमध्ये कौतुकही केलं होतं. तीन आठवड्यांनी एका सकाळी दोघांनी एकाच वेळी रिपोर्ट उघडले अन् तो इशारा वाजला. पांढुर्ण्याचं केंद्र, एक पत्ता पांढुर्ण्याचा, एक सौंसरचा. इशारा माझ्या एकटीकडे नाही, आम्हा चौघांकडे गेला होता. मी मामाजींना फोन लावला. त्यांनी लपवलं नाही. उलट त्या बाळंतिणीचं सगळं हौसेनं सांगितलं, तिची तान्ही मुलगीही बरी आहे म्हणाले. मी फोन ठेवला अन् ते सर्टिफिकेट रद्द केलं. एक ओळ लिहावी लागते फक्त. पांढुर्ण्याला मामाजींच्या पडद्यावर दार बंद झालं, तेव्हा त्यांच्या बाकावर किती माणसं बसली होती कोणास ठाऊक.

रद्द करणं चूक नव्हती. बाहेर पडलेली चाबी मेलीच समजायची, ती मामाची असो की देवाची. चूक त्यानंतरची आहे. सर्टिफिकेट रद्द केलं की एक फॉर्म भरावा लागतो, अन् त्यात एक रकाना असतो: चाबी कुठे तयार झाली. मी त्या रकान्यासमोर अर्धा तास बसले. आई बाहेरून विचारत होती, जेवायला येऊन राहिली का? तिथे मी ‘माझ्या लॅपटॉपवर’ लिहिलं असतं तर प्रकरण माझ्यावर आलं असतं. मला पुण्याला बोलावलं असतं किंवा काढलं असतं. मामाजींना नवी चाबी मिळाली असती, दोन शब्द ऐकावे लागले असते, अन् केंद्र चालू राहिलं असतं. कारण फाईल हातात असलेला माणूस ती दुसऱ्याला देतो, ह्यात त्याचा भोळेपणा आहे. पण चाबी केंद्रावर तयार झाली म्हटलं की ती कुलूपबंद होती, अन् कुलूपबंद चाबी मुद्दाम फोडून बाहेर काढणारा माणूस वेगळा. त्याला कोणी ठेवत नाही.

मला हे सगळं तेव्हाच समजत होतं. नंतर समजलं असं म्हणायची मला सोय नाही.

मी लिहिलं, ‘केंद्रावर’. दुपारी वरिष्ठांनी फोनवर विचारलं, प्रोग्रामनं तिथेच तयार केली होती ना? मी म्हटलं, हो. पांढुर्ण्याचा तो माणूस माझा मामा आहे, हेही मी सांगितलं नाही.

नागपूरच्या लॅबची दोन माणसं चौकशीला गेली, मामाजींकडून त्यांच्या हातचा जबाब लिहून घेतला. आठवड्याभरात लॅबनं केंद्राची मान्यता काढून घेतली. पाटी उतरवायला मामाजींनी कोणाला बोलावलं नाही, स्वतःच स्टुलावर चढले, असं मामीजींनी आईला फोनवर सांगितलं. गावात गोष्ट फिरली अन् फिरता फिरता तिचं भलतंच झालं. मामाजींनी लोकांचे रिपोर्ट विकले, असं बोललं जाऊ लागलं. आईनं मला विचारलं, तू कंपुटरमधली, तुले तं माहीत असन, भावानं असं काय केलं? मी म्हटलं, नियम असतात आई. ती म्हणाली, त्याचा हात तं कधी कोणाले दुखला नाई.

सौंसरच्या त्या बाईला नुसती ताकीद मिळाली अन् तिचा अर्ज पुढच्याच पंधरवड्यात मंजूर झाला. तिची चाबी मी तिच्याच संगणकावर, दुरुस्त केलेल्या प्रोग्रामनं, एकदम नियमानं तयार केली. ती रडत होती. मी तिला म्हटलं, बटण दाबा.

भाऊबीजेला आईला घेऊन पांढुर्ण्याला गेले. मामाजी वाळले होते. सकाळपासून दारात दोन-तीन माणसं येऊन गेली, बाही वर करूनच आलेली. मामाजी त्यांना दुसऱ्या केंद्राचा पत्ता सांगायचे, अन् एका म्हातारीच्या हातावर बोटानं दाबून दाखवलं, की ही शीर घ्यायला सांगजो, दुसरी घेऊ देऊ नको. आईनं ओवाळलं. मग मामाजी माझ्याकडे वळले अन् वाकू लागले, तसे मी पाय मागे घेतले. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. मी म्हणणार होते, मामाजी, मी तुमचं नाव बुडवलं.

ते अर्धवट वाकलेले तसेच थांबले. म्हणाले, “काहून व बाई, पाय काहून मागं घेते? मायं एवढंच तं राह्यलं आता.”

मी पाय पुढे केले.

हिवाळ्यात, संत्र्याच्या गाड्या भरून जात होत्या त्या दिवसांत, मामाजी गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढायला उठले अन् अंगणात बसले ते बसलेच. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना खाली निजवलेलं होतं. मी पहिल्यांदा त्यांच्या पायांना हात लावला. ते मागे घ्यायला आता कोणी नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी वरिष्ठांनी मला नव्या मुलांसाठी क्लायंट सर्टिफिकेट कशी सांभाळावीत ह्याचं शिक्षण तयार करायला सांगितलं. उदाहरण म्हणून त्यांनी जुन्या प्रकरणाची फाईल पाठवली. नावं काढून टाकली होती. काढून काय उपयोग, जबाबाचं अक्षर मी दुरून ओळखलं. मामाजींचं अक्षर नळ्यांवरच्या चिठ्ठ्या लिहून लिहून बारीक अन् सरळ झालेलं.

चौकशीच्या माणसांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. मामाजींनी लिहिलं होतं: चाबी माझ्या केंद्रातल्या संगणकावर, माझ्यासमोर तयार झाली. तिची फाईल मीच बाहेर काढली. कशी काढली ते आता आठवत नाही. कंपनीच्या बाईंनी कोणाला देऊ नका असं दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची काही चूक नाही.

ज्या माणसाला फोल्डरचं नाव बदलता येत नव्हतं, त्यानं लिहिलं होतं की कुलूपबंद चाबी मीच काढली. अन् ते शिकलेल्या माणसांनी मानलं, कारण माझ्या फॉर्मातही तेच होतं. मी काय लिहिलं हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. फाईल देऊ नका, ही त्यांनी त्या बाळंतिणीसाठी मोडली. मी घरी बनवली हे सांगू नका, ही त्यांनी पाळली. समोर प्रश्न आला त्या क्षणी त्यांना कळलंच असणार, की खरं बोललं तर आपण सुटतो अन् भाची अडकते. तिथून पुढे त्यांनी पाटी उतरवली, लोकांचं बोलणं ऐकलं, भाऊबीजेला माझ्यापुढे वाकले, अन् कळू दिलं नाही.

मी त्याच दिवशी वरिष्ठांना सगळं लिहून पाठवलं. चाबी कुठे, कोणी, का तयार केली, मी खोटं काय लिहिलं, तो माणूस माझा कोण होता. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की प्रामाणिकपणा आवडला, पण प्रकरण केव्हाच बंद झालेलं आहे, केंद्र बंद आहे, संबंधित व्यक्ती हयात नाही, तेव्हा आता नोंद उघडण्यात अर्थ नाही. माझी नोकरी राहिली. घरून काम करायची मुदतही वाढली. मी तो रकाना दुरुस्त करायला उघडून पाहिला. बंद प्रकरणातलं काही बदलता येत नाही. ती सोयही मीच केलेली आहे.

मग मी आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले अन् पहिल्यापासून सांगितलं. सर्टिफिकेट, पेन ड्राईव्ह, रकाना, जबाब. तिला चाबी म्हणजे काय हे दोनदा समजावून सांगावं लागलं. बाकी तिला समजलं. ती रडेल, मारेल, काहीतरी करेल असं मला वाटत होतं. तिनं सूप मांडीवर ठेवलं.

“भाऊबीजेला तुले हे माहीत होतं?”

“हो.”

“अन् त्याले?”

“हो, आई. त्यांना सगळं माहीत होतं.”

ती माझ्या पायांकडे पाहत राहिली. मी ते साडीच्या काठाखाली ओढून घेतले.

“अन् तू पडू देल्लं त्याले,” ती म्हणाली.

मग तिनं सूप उचललं अन् उरलेली डाळ पाखडली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, गुडघ्याला तेल लावून घेते. मामाजींचं नाव मात्र माझ्यासमोर काढत नाही.